पन्नास लाखांच्या संघाचा ताळेबंद

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता भारतात टाळेबंदीची घोषणा झाली आणि अवघ्या चार तासांनी ती अमलात आली. त्यानंतर एक दिवस पुरता उलटण्याच्या आत, पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला असलेला न्यूझीलंड हा देशही बंद झाला. तेथील जनतेला मात्र ४८ तासांची पूर्वसूचना मिळाली होती. घोषणा झाली त्या दिवशी, २३ मार्चला, साऱ्या देशात १०२ रुग्ण होते आणि मृत्यू एकही नव्हता. एवढ्या अल्प संख्येवर एवढा कठोर निर्णय घ्यावा काय, हा वाद त्याच दिवशी सुरू झाला. तो आजही पूर्णपणे शमलेला नाही.

पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी आपल्या देशवासीयांना एक नाव दिले होते. मराठीत सांगायचे तर ते ‘पन्नास लाखांचा संघ’ असे होईल. जैन वाचकाला ‘संघ’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. संघात सर्वांची कर्तव्ये सारखी नसतात, साधूंचे नियम निराळे आणि श्रावकांचे निराळे. तरीही सर्वजण एका सूत्रात बांधलेले असतात. ज्याच्यावर नियमाचा भार अधिक पडतो, त्याची काळजी इतरांनी वाहावी अशी तेथे अपेक्षा असते. न्यूझीलंडच्या अनुभवाची तपासणी करावयाची तर ती याच कसोटीवर केलेली बरी.

भार कोणावर पडला, याचे पहिले उदाहरण बाजारपेठेतच सापडते. त्या देशात ‘डेअरी’ म्हणजे दुधाचे केंद्र नव्हे, तर कोपऱ्यावरचे किराणा आणि किरकोळ वस्तूंचे छोटे दुकान. अशी अनेक दुकाने भारतीय वंशाची, त्यातही गुजराती, कुटुंबे चालवितात. चौथ्या स्तराच्या, म्हणजे सर्वांत कडक, टाळेबंदीत या दुकानांना मुभा होती. पण अट अशी की, एक गिऱ्हाईक बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्याने आत यावयाचे नाही. मोठे सुपरमार्केटही उघडे होते. मात्र केवळ भाजी आणि फळे विकणाऱ्या स्वतंत्र दुकानदाराला दुकान बंद ठेवावे लागले. सुपरमार्केटमध्ये शेकडो लोकांनी टोमॅटो निवडून घेतलेले चालतात आणि एका छोट्या दुकानात एकेकाने येऊन घेतलेले चालत नाहीत, यामागचे तर्कशास्त्र त्या दुकानदारांना कोणी पटवून देऊ शकले नाही. लोकांच्या हालचालीच कमी व्हाव्यात, म्हणून उघड्या दुकानांचे प्रकार मोजके ठेवले, असे सरकारचे उत्तर होते. ते अगदीच निराधार नव्हते. तथापि त्या देशातील किराणा व्यापार मुख्यतः दोन बड्या कंपन्यांच्या हाती आहे, आणि मार्च २०२२ मध्ये तेथील वाणिज्य आयोगानेच असा निष्कर्ष काढला की, या क्षेत्रात दिवसाला सुमारे दहा लाख डॉलर इतका वाजवीपेक्षा जास्त नफा कमावला जात आहे. छोट्या दुकानदाराचा राग केवळ मत्सराचा नव्हता, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

आता जमेची बाजू. ८ जून २०२० रोजी देशात एकही सक्रिय रुग्ण उरला नाही आणि त्या मध्यरात्रीपासून जवळजवळ सर्व अंतर्गत निर्बंध उठले. इतर देशांत लोक घरात कोंडलेले असताना तेथे लग्नसमारंभ होत होते, क्रीडांगणे भरत होती, दुकाने चालू होती. २०२१ अखेरपर्यंत संपूर्ण देशात या रोगाने झालेल्या मृत्यूंची संख्या सुमारे पन्नास होती. पुढे ओमायक्रॉन आला तेव्हा संसर्ग घरोघरी पोहोचला आणि मृत्यूही झाले. परंतु तोपर्यंत बहुतेक प्रौढांचे लसीकरण झालेले होते. महामारीच्या वर्षांतील एकूण अतिरिक्त मृत्यूंचा विचार केला तर न्यूझीलंडचे स्थान जगातील सर्वांत कमी हानी झालेल्या देशांत आहे. जीवरक्षा हा ज्यांचा परम धर्म, त्यांना ही नोंद ताळेबंदाच्या अगदी वरच्या ओळीत लिहावी लागेल.

नियम सर्वांना सारखा, हे तत्त्वही पुष्कळ अंशी पाळले गेले. खुद्द आरोग्यमंत्री डेव्हिड क्लार्क टाळेबंदीत कुटुंबासह समुद्रकिनाऱ्यावर गेले आणि डोंगरात सायकल चालवून आले. त्यांना मंत्रिमंडळाच्या क्रमवारीत तळाला टाकण्यात आले. जुलै २०२० मध्ये त्यांनी पद सोडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने एक लक्षणीय निकाल दिला. पहिल्या नऊ दिवसांत ‘घरी राहा’ हा जो आदेश सरकारने दिला, तो आवश्यक आणि समर्थनीय होता, परंतु त्याला कायद्याचा आधार नव्हता, असे न्यायालयाने म्हटले. हेतू शुद्ध असला तरी कागद पुरा पाहिजे, हे व्यापारी मनुष्याला सांगावे लागत नाही.

व्यापारी वाचकांच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद भाग आहे तो वेतन अनुदानाचा. ज्या व्यवसायाची उलाढाल महिन्यात तीस टक्क्यांनी घटली किंवा घटण्याचा संभव होता, त्याला पूर्णवेळ नोकरामागे आठवड्याला ५८५ डॉलर ८० सेंट या दराने बारा आठवड्यांची रक्कम एकदम मिळाली. ती एका नोकरामागे ७,०२९ डॉलर ६० सेंट होत असे. स्वतःचा एकट्याचा धंदा असणाऱ्यालाही ती मिळू शकत होती. अर्ज छोटा, कागदपत्रे नाममात्र, आणि पैसे काही दिवसांतच खात्यात. मालकाने फक्त प्रतिज्ञापूर्वक सांगावयाचे की घट खरी आहे आणि नोकराला नेहमीच्या पगाराच्या किमान ऐंशी टक्के देण्याचा मी पुरेपूर प्रयत्न करीन. आधी तारण पाहावयाचे आणि मग कर्ज मंजूर करावयाचे, ही बँकांची जन्मजात सवय. येथे सरकारने ती उलटी करून आधी विश्वास ठेवला आणि तपासणी मागाहून करावयाचे ठरविले.

या विश्वासाला एकच कुंपण होते, पण ते फार चतुराईचे होते. अनुदान घेणाऱ्या मालकांची नावे आणि रकमा सरकारने संकेतस्थळावर सर्वांना पाहण्यासाठी खुल्या ठेवल्या. कोणत्याही नोकराला आपल्या मालकाचे नाव शोधता येत होते, शेजारच्या दुकानदाराला शेजाऱ्याचे. पुढे धंदा अपेक्षेपेक्षा बरा चालल्याचे दिसताच कित्येक कंपन्यांनी अनुदान परत केले. काहींनी ते स्वेच्छेने केले, तर काहींनी वर्तमानपत्रांत नफ्याचे आकडे आणि अनुदानाचे आकडे शेजारी शेजारी छापून आल्यावर केले. सर्व फेऱ्या मिळून या योजनेवर अठरा अब्ज डॉलरांहून अधिक खर्च झाला. खोटे अर्ज करणाऱ्यांवर खटलेही भरले गेले. तरीसुद्धा देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०२१ मधील अहवालात मागाहूनच्या तपासणीवर बोट ठेवले: फोनवर विचारपूस करणे पुरेसे नाही, कागद पाहावयास हवे होते. हा शेरा योग्यच आहे. मात्र मार्च २०२० मध्ये आधी कागद मागितले असते, तर अनुदान पोहोचेपर्यंत नोकर घरी बसले असते, हेही तितकेच खरे.

दुकानाच्या भाड्याचा प्रश्न याहून अवघड निघाला, आणि तेथे सरकार कमी पडले. धंदा सरकारच्या हुकमाने बंद, पण घरमालकाचे भाडे चालू. ज्यांच्या करारात एक विशिष्ट कलम होते, ते वाचले. हे कलम २०११ च्या ख्राइस्टचर्च भूकंपानंतर प्रमाणित भाडेकराराच्या नमुन्यात घालण्यात आले होते. आणीबाणीमुळे भाडेकरूला जागेत प्रवेश करणे अशक्य झाल्यास त्या काळापुरते भाडे ‘योग्य प्रमाणात’ कमी व्हावे, असा त्याचा आशय. भूकंपासाठी लिहिलेले शब्द महामारीत कामी आले. परंतु जुन्या किंवा निराळ्या नमुन्याच्या करारांत ते नव्हते, आणि ज्यांच्यात होते त्यांनाही ‘योग्य प्रमाण’ म्हणजे अर्धे की पाऊण, यावर मालकाशी घासाघीस करावी लागली. जून २०२० मध्ये छोट्या व्यवसायांसाठी लवादाची तरतूद करण्याचा सरकारचा प्रस्ताव सत्तेतील सहकारी पक्षानेच पाठिंबा काढल्याने बारगळला. अखेर नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदा झाला आणि २८ सप्टेंबर २०२१ पासून हे तत्त्व ज्या करारांत नव्हते त्यांतही गृहीत धरले गेले. घरमालकांनी त्यावर रास्त प्रश्न केला: दोघांनी स्वेच्छेने केलेल्या करारात सरकारने मागाहून कलम घुसडावे काय? ज्या घरमालकाचे कर्ज त्याच भाड्यावर फिटत होते, तोही मोठा धनिक होता असे नाही. दोन्ही बाजूंनी जमाखर्च मांडून पाहिला तर एवढेच म्हणता येते की, हा कायदा दीड वर्ष आधी झाला असता तर भांडणे कमी झाली असती.

आता सीमेचा विषय, जो भारतीय कुटुंबांच्या फार जिव्हारी लागला. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला सरकारने ठरविलेल्या हॉटेलात चौदा दिवस विलगीकरणात राहावे लागे. खोल्या मर्यादित आणि मागणी अफाट. सप्टेंबर २०२१ मध्ये खोल्यांचे वाटप सोडतीच्या पद्धतीने सुरू झाले तेव्हा तीन हजारांच्या आसपास खोल्यांसाठी तीस हजारांहून अधिक लोक संगणकापुढे रांगेत होते. कोणाची आई अत्यवस्थ, कोणाचा व्हिसा संपत आलेला, कोणी केवळ सहलीहून परतणारा. रांगेत सारे समान, आणि ही समानताच अन्यायाची ठरली. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तेच म्हटले: विलगीकरणाची व्यवस्था मूलतः समर्थनीय, परंतु ज्याची गरज खरोखर निकडीची आहे त्याला पुरेशी वाट न देणारी सोडत ही नागरिकांच्या स्वदेशी परतण्याच्या हक्कावरील असमर्थनीय मर्यादा होती.

भारताच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली. ८ एप्रिल २०२१ रोजी सीमेवर २३ रुग्ण सापडले, त्यांपैकी १७ भारतातून आलेले होते. त्याच दिवशी घोषणा झाली की, ११ ते २८ एप्रिल या काळात भारतातून कोणालाही, अगदी न्यूझीलंडच्या नागरिकालाही, येता येणार नाही. स्वतःच्या नागरिकांना अशी बंदी त्या देशाने तोवर घातली नव्हती. अठ्ठावीस तारखेनंतर नागरिक आणि त्यांचे निकटचे कुटुंबीय येऊ लागले. पण केवळ निवासाचा परवाना असलेले कित्येकजण इकडेच अडकून राहिले. आजारी वडिलांना भेटावयास म्हणून आलेला मुलगा ऑकलंडमधील आपल्या बायकोमुलांकडे परत जाऊ शकत नाही, अशी स्थिती होती. ज्यांचा व्हिसा तात्पुरत्या नोकरीचा होता, त्यांची ताटातूट तर काही प्रकरणांत दोन वर्षांपर्यंत लांबली. भारतातील दुसऱ्या लाटेचे स्वरूप पाहता सीमा रोखण्याचा निर्णय अनाठायी होता असे म्हणता येत नाही. परंतु पन्नास लाखांच्या संघात या माणसांची गणना होती की नव्हती, हा त्यांचा प्रश्न अनुत्तरित राहिला.

१७ ऑगस्ट २०२१ रोजी डेल्टा विषाणूचा एक रुग्ण सापडला आणि त्याच रात्री सारा देश पुन्हा बंद झाला. इतर प्रांत लवकर उघडले, पण ऑकलंड शहर डिसेंबरच्या आरंभापर्यंत, म्हणजे शंभराहून अधिक दिवस, कमी-अधिक कडक टाळेबंदीत राहिले. येथपासून एकमताला तडे गेले. माजी पंतप्रधान जॉन की यांनी सप्टेंबरमध्ये लेख लिहून, देश जगापासून तुटून आत्मसंतुष्ट बसला आहे, अशी टीका केली. मायकेल बेकर यांच्यासारखे साथरोगतज्ज्ञ विषाणूच्या संपूर्ण निर्मूलनाचा आग्रह धरीत होते. तर काही विद्यापीठीय अभ्यासक प्रारंभापासूनच निर्बंधांची किंमत लाभापेक्षा मोठी आहे असे मांडत होते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारने निर्मूलनाचे धोरण सोडत असल्याचे मान्य केले आणि सारा भर लसीवर आला.

लसीकरणाचे काम उत्साहाने झाले. १६ ऑक्टोबरच्या एका शनिवारी दूरचित्रवाणीवर दिवसभर कार्यक्रम चालवून एक लाख तीस हजार मात्रा देण्यात आल्या. डिसेंबरच्या मध्यास बारा वर्षांवरील नव्वद टक्के लोकांच्या दोन्ही मात्रा पूर्ण झाल्या. लसीनंतर हृदयस्नायूच्या दाहाने झालेला एका स्त्रीचा मृत्यू बहुधा लसीशी संबंधित असावा, हे सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः जाहीर केले. ही प्रांजळता महत्त्वाची होती. परंतु वयानुसार क्रम लावल्यामुळे मूळ रहिवासी माओरी मागे पडले, कारण त्यांची लोकसंख्या तरुण आहे आणि आयुर्मान कमी. वय हा निकष सर्वांना समान दिसत होता, तरी त्याचे फळ समान नव्हते. माओरींच्या तक्रारी ऐकणाऱ्या वैतांगी न्यायाधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये याबद्दल सरकारला दोष दिला.

खरा कलह झाला तो सक्तीवरून. सीमेवरील कर्मचारी, मग आरोग्यसेवक, शिक्षक, पुढे पोलीस, सैन्य, उपाहारगृहांतील नोकर, अशी सक्तीची व्याप्ती वाढत गेली. लस न घेणाऱ्याला चार आठवड्यांची नोटीस देऊन कामावरून दूर करता येऊ लागले. लसप्रमाणपत्राशिवाय उपाहारगृहात बसता येईना. किराणा दुकान आणि औषधालय मात्र सर्वांना खुले ठेवणे बंधनकारक होते, हा विवेक सरकारने राखला. तरीही वीस-पंचवीस वर्षे शिकविणाऱ्या शिक्षिकेची नोकरी गेली, तेव्हा तिच्या भावाबहिणींत दोन तट पडले. नाताळच्या जेवणाला कोणाला बोलवावे यावर घरे विभागली गेली.

कोणत्याही वस्तूचा विचार द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव पाहून करावा, असे जैन दर्शन सांगते. लससक्तीच्या वादात नेमका काल विसरला गेला. डेल्टाच्या दिवसांत लसीने स्वतःचे रक्षण होई आणि प्रसारही बऱ्यापैकी रोखला जाई. त्यामुळे वृद्धाश्रमातील परिचारिकेला लस आवश्यक करणे हे दुसऱ्याच्या जीवाची काळजी घेणेच होते. ओमायक्रॉन आल्यावर गंभीर आजारापासून संरक्षण टिकले, पण संसर्ग आणि प्रसार रोखण्याची शक्ती पुष्कळ घटली. द्रव्य तेच, काळ बदलला. सक्तीचे समर्थक ऑक्टोबर २०२१ चे सत्य फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगत होते आणि विरोधक फेब्रुवारीचे सत्य ऑक्टोबरलाही लावीत होते. दोघांनीही ‘स्यात्’ हा शब्द गमावला होता. लसीविषयी धादांत खोट्या गोष्टी पसरविणारे जे होते, त्यांना मात्र अनेकांताचा आश्रय देण्याचे कारण नाही. प्रत्येक मताला सत्याचा अंश असतो याचा अर्थ प्रत्येक थाप हे मत असते असा होत नाही.

८ फेब्रुवारी २०२२ रोजी निदर्शकांचा ताफा राजधानी वेलिंग्टनला पोहोचला आणि संसदेच्या हिरवळीवर तंबू ठोकून बसला. सभापतींनी पाण्याचे फवारे सोडले, मोठ्या आवाजात गाणी लावली. पाहुण्यांना हाकलण्याची ही रीत पोरकट होती. संसदेतील सर्व पक्षांनी भेट नाकारली. निदर्शकांत नोकरी गेलेले साधे लोक होते आणि पुढाऱ्यांना फाशी देण्याची भाषा करणारेही होते. दुसऱ्यांमुळे पहिल्यांचे म्हणणे कोणी ऐकले नाही. २ मार्चला पोलिसांनी जागा मोकळी केली तेव्हा तंबू पेटले, दगडफेक झाली. ज्या देशात संसदेच्या हिरवळीवर मुले खेळतात, तेथील लोक ती चित्रे पाहून हादरले.

या गदारोळात, २५ फेब्रुवारी रोजी, उच्च न्यायालयाने पोलीस आणि सैन्यातील लससक्ती रद्द केली. लस सुरक्षित आणि परिणामकारक आहे हे न्यायालयाने मान्यच केले होते. प्रश्न एवढाच होता की पंधरा हजारांहून अधिक पोलीस कर्मचाऱ्यांपैकी जे १६४ जण लस घेत नव्हते, त्यांना काढल्याने सेवेच्या सातत्यात नक्की काय भर पडणार होती? सरकारला ते पुराव्याने दाखविता आले नाही. ४ एप्रिलपासून प्रमाणपत्राची अट आणि बहुतेक क्षेत्रांतील सक्ती उठली. आरोग्यसेवेतील सप्टेंबर २०२२ मध्ये. सात दिवसांच्या विलगीकरणाचा शेवटचा नियम १५ ऑगस्ट २०२३ पर्यंत चालला.

खर्चाच्या बाजूला आणखी एक ओळ आहे, जी निर्बंधांच्या वादात सहसा येत नाही. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने व्याजदर पाव टक्क्यावर आणला आणि पुढे रोखे खरेदी करून बाजारात अब्जावधी डॉलर ओतले. भीती मंदीची होती, झाले उलटे. दीड-दोन वर्षांत घरांच्या किमती चाळीस टक्क्यांच्या आसपास चढल्या. ज्यांचे घर होते ते बसल्या जागी श्रीमंत झाले आणि भाड्याने राहणाऱ्या तरुणांना दार बंद झाले. २०२२ च्या मध्यास महागाई ७.३ टक्क्यांवर गेली, आणि ती आवरण्यासाठी व्याजदर साडेपाच टक्क्यांपर्यंत न्यावा लागला. स्वस्त व्याजाच्या भरवशावर मोठे कर्ज काढलेल्या कुटुंबांचा हप्ता पुष्कळ जड झाला. टाळेबंदीच्या काळात तगलेली कित्येक दुकाने या दुसऱ्या फेऱ्यात गेली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये चौकशी आयोगाचा पहिला अहवाल आला. साथरोगतज्ज्ञ टोनी ब्लेकली त्याचे अध्यक्ष होते. निर्मूलनाच्या धोरणाने प्राण वाचविले, हे आयोगाने स्पष्ट नोंदविले. लसीची अट काही क्षेत्रांत प्रारंभी वाजवी होती. पण ती काही ठिकाणी गरजेपेक्षा व्यापक झाली, गरजेपेक्षा जास्त काळ टिकली, आणि तिने लोकांच्या मनातील सरकारविषयीच्या विश्वासाची हानी केली, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले. पुढच्या साथीसाठी ३९ शिफारशी केल्या. नोकरी गमावलेल्यांपैकी काहींना तोपर्यंत जुन्या जागी परत घेतले गेले होते. काहींनी शाळा, रुग्णालय कायमचे सोडून दुसरा उद्योग धरला होता.